भोंगा बंद झाल्यावर

पूर्व युरोपातील साम्यवादी राजवटी १९८९ ते १९९१ या अवघ्या दोन-अडीच वर्षांत कोसळल्या. त्यांच्यामागे राहिलेल्या इमारतींचे, पुतळ्यांचे आणि त्या इमारतींच्या आश्रयाने जगणाऱ्या माणसांचे पुढे काय झाले, हे सांगणाऱ्या चित्रफिती तिकडील कलावंतांनी गेल्या तीस वर्षांत पुष्कळ केल्या. तिकीट काढून पाहावयाचा हा बोलपट नव्हे. कलादालनाच्या अंधाऱ्या खोलीत भिंतीवर पुनःपुन्हा फिरत राहणारी, बहुधा कथानक नसलेली, दहा-वीस मिनिटांची ही चलत्चित्रे असतात, आणि या प्रकारास व्हिडिओ-कला असे नाव पडले आहे. अशा काही फिती आम्ही गेल्या हिवाळ्यात आमच्या विद्यार्थ्यांना दाखविल्या, आणि त्याबद्दल नागपुरातील स्नेहीमंडळींकडून आम्हास बरेच बोल ऐकून घ्यावे लागले. हे स्नेही बहुश्रुत आहेत, रसिक आहेत, आणि आमच्या हिताचेच बोलतात. परंतु त्यांचे मत हे एकट्यादुकट्याचे मत नसून आपल्या सबंध सुशिक्षित वर्गाचे मत आहे, आणि ते आम्हास नुसते चुकीचे नव्हे तर अपायकारक वाटते. म्हणून त्याचा येथे जाहीर समाचार घेत आहोत.

आक्षेप दोन आहेत. पहिला असा की, ही कलाच नव्हे. यात नट नाही, कथा नाही, रचना नाही. कोणीही कॅमेरा हाती घ्यावा, एखाद्या पडक्या इमारतीसमोर उभे राहावे, आणि त्यास कलाकृती म्हणावे! दुसरा असा की, कला असली तरी ती आपल्या कामाची नाही. साम्यवादाचे राज्य नागपुरात कधी आले नाही. मग त्याच्या मागे उरलेल्या ओसाडीचे सुतक आपण काय म्हणून पाळावे?

पहिल्या आक्षेपाने आम्ही फारसे विचलित होत नाही. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, त्यानंतर कितीतरी वर्षे सिनेमा हा सभ्य घरांत हलका धंदाच समजला जात होता. नव्या साधनाला आधी नावे ठेवावयाची आणि ते जुने झाले म्हणजे त्याच्या शताब्द्या साजऱ्या करावयाच्या, हा आमचा परिपाठच आहे. तेव्हा वाद घालण्यापेक्षा आम्ही एक उदाहरणच वाचकांपुढे ठेवतो.

अन्री साला हा आल्बेनियाचा कलावंत. त्याने १९९८ साली ‘इंटरव्हिस्टा’ नावाची फीत केली. तिची हकीकत अशी. त्याला आपल्या घरात चित्रपटाचे एक जुने रीळ सापडले. त्यात त्याची आई तरुणपणी साम्यवादी युवक संघटनेच्या परिषदेत दिसत होती. खुद्द हुकूमशहा एन्व्हर होजा तेथे उपस्थित होता. आई काहीतरी मुलाखतीत बोलत होती, पण रिळाचा आवाज नष्ट झाला होता. ओठ हलत होते, शब्द मात्र नव्हते. मुलाने मग तिराना शहरातील मूकबधिरांची शाळा गाठली आणि तेथे ओठांवरून बोलणे ओळखणाऱ्यांकडून आईचे ते शब्द वाचून घेतले. ते शब्द पडद्यावर लिहून त्याने आईला दाखविले, तेव्हा तिचा विश्वासच बसेना. आपण असे पोपटपंची बोललो असू, हे तिला खरे वाटेना. ज्या विचारासाठी तिने तारुण्य वेचले तो विचार आता तिच्याच तोंडी तिला परका वाटत होता.

आता आम्ही आक्षेपकांस विचारतो, हे कथानक नव्हे काय? यात करुण रस नाही काय? एका राजवटीचा उदय आणि अस्त एका बाईच्या हलत्या ओठांत दाखविणे, हे कादंबरीकाराने हजार पानांत साधले असते तर आपण त्याचा सत्कार केला असता. आणि ही गोष्ट शब्दांनी साधली नसती, हेही ध्यानात घ्यावे. कारण तिचा सारा जीव त्या मुक्या रिळात आहे. दुसरा एक कलावंत लिथुआनियाचा, देइमांतास नार्केविचिउस. विल्नियस शहरातील लेनिनचा पुतळा १९९१ साली लोकांच्या जल्लोषात उखडण्यात आला, त्याची दूरचित्रवाणीने टिपलेली दृश्ये घेऊन त्याने ती २००४ साली उलट्या क्रमाने जोडली. त्यामुळे पडद्यावर पुतळा हवेतून येतो, चौथऱ्यावर बसतो, आणि तोच जमाव टाळ्या वाजवितो! एवढ्या साध्या युक्तीने जमावाच्या टाळ्यांचे मोल त्याने उघडे पाडले. पुतळा पाडणाऱ्यांनाही यात सुख नाही, आणि उभारणाऱ्यांनाही नाही.

तथापि आमचा खरा वाद दुसऱ्या आक्षेपाशी आहे. ‘हे आपले नव्हे’ असे म्हणणाऱ्या आमच्या मित्रांना आम्ही फार दूर नेत नाही. नागपूरच्या गांधीसागरापर्यंत, म्हणजे जुन्या जुम्मा तलावापर्यंत, त्यांनी आमच्याबरोबर चालत यावे, इतकीच विनंती आहे.

१८७४ साली जमशेटजी टाटांनी नागपुरासाठी कापडगिरणीची कंपनी काढली आणि या तलावालगतच्या दलदलीत भर घालून गिरणी बांधण्यास प्रारंभ केला. हा मनुष्य सोने मातीत घालतो आहे, असे म्हणून येथील एका सावकाराने भांडवल देण्याचे नाकारले, आणि पुढे तोच माती घालून सोने काढणारा पुरुष म्हणून टाटांची वाखाणणी करू लागला, ही आख्यायिका प्रसिद्धच आहे. १८७७ च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस, म्हणजे व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली आणि एम्प्रेस हे नाव पावली. १८८६ साली तेथे निवृत्तिवेतनाचा फंड निघाला, १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. विसाव्या शतकात रा. स. रुईकरांसारख्यांनी येथील गिरणी कामगारांची संघटना बांधली, पुढे ए. बी. बर्धन यांच्यासारखा कम्युनिस्ट कार्यकर्ता याच शहराच्या कामगार चळवळीतून उभा राहिला, १९५७ साली नागपुरातून विधानसभेवर निवडून गेला, आणि १९९६ ते २०१२ अशी सोळा वर्षे आपल्या पक्षाचा सरचिटणीस राहिला. १९८० च्या दशकात गिरणी टाटांच्या हातून सरकारी महामंडळाच्या हाती आली. भांडवलदार गेला, सरकार मालक झाले. म्हणजे एका अर्थाने समाजवादच आला म्हणावयाचा! आणि त्या सरकारी मालकीतच २००२ साली गिरणी कायमची बंद पडली. आज त्या जागेवर ‘एम्प्रेस’ हेच नाव मिरविणारे विक्रीसंकुल उभे आहे, आणि आमच्या आक्षेपक मित्रांची मुले तेथे सिनेमा पाहावयास जातात. आमचीही जातात.

साम्यवादाचे राज्य येथे आले नाही, हे खरे. पण राज्य न येताही त्याची आशा येते, आणि आशा गेल्यावरही ओसाडी राहते. लाल बावट्याखाली मोर्चात चालणाऱ्या माणसाला मॉस्को कोठे आहे हे ठाऊक नसेल. परंतु उद्याचा दिवस आजच्यापेक्षा बरा येणार आणि तो आपल्या संघटनेच्या बळावर येणार, हे त्याला पक्के ठाऊक होते. ते ज्ञान त्याच्याकडून कोणी काढून घेतले? मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरून गेला. गिरणगावातील फिनिक्स मिलच्या जागी आज विक्रीसंकुल आहे. तेव्हा तिरानाचा, बर्लिनचा आणि नागपूरचा प्रश्न एकच आहे: एका आशेच्या आधारावर बांधलेली वास्तू जेव्हा आशेवाचून उरते, तेव्हा तिच्यात राहणाऱ्या माणसाने काय करावे?

हा प्रश्न आमच्या कलावंतांना सुचला नाही, असेही नाही. नलिनी मलानी यांनी १९६९ साली आणि पुन्हा १९७६ साली केलेल्या दोन फिती ‘यूटोपिया’ या नावाने शेजारी शेजारी दाखविल्या जातात. एकीत स्वप्नातील नव्या घरांचे रंगीत आकार आहेत, दुसरीत त्या स्वप्नाच्या भंगाचे काळेपांढरे चित्र. बर्लिनची भिंत पडण्यापूर्वी तेरा वर्षे आधी मुंबईतील एका चित्रकर्तीने हे केले होते, ही गोष्ट ‘परदेशी फॅशन’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. २००१ साली अंजली माँटेरो आणि के. पी. जयशंकर यांनी ‘साचा’ हा माहितीपट केला. गिरणीच्या भाषेत साचा म्हणजे माग. त्यात कवी नारायण सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धन हे दोघे गिरणगावाविषयी बोलतात. सुर्वे स्वतः गिरणी कामगाराच्या घरी वाढले. पटवर्धन ठाण्याला क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करीत असता चित्रे काढीत होते. सुर्वे २०१० साली वारले. तो माहितीपट झाला नसता तर गिरणगावाच्या अखेरच्या दिवसांत तेथील कवी त्याच्याविषयी कोणत्या स्वरात बोलत होता, हे पुढील पिढीला पुस्तकांवरून कळले नसते.

आता आम्ही आमच्या बाजूच्या लोकांकडे वळतो, कारण वादात स्वपक्षालाही सोडू नये. या चित्रफितींचे जे भक्त अलीकडे निपजले आहेत त्यांना पडकी भिंत दिसली की गहिवर येतो. गंजलेले दार, वाढलेले गवत, फुटलेल्या तावदानातून आलेला उन्हाचा कवडसा, आणि त्यावर एखादे उदास संगीत, एवढ्यात त्यांची कला आटोपते. हा प्रकार आम्हास मुळीच मान्य नाही. टॅसिटा डीन या इंग्रज कलावतीची २००४ सालची ‘पालास्ट’ ही फीत आम्हीही दाखविली. पूर्व बर्लिनमधील प्रजासत्ताकाच्या प्रासादाच्या तांबूस काचांवर उतरणारी संध्याकाळ तिने टिपली आहे. दृश्य विलक्षण सुंदर आहे. ती इमारत २००६ ते २००८ या काळात पाडण्यात आली आणि तिच्या जागी जुन्या प्रशियन राजवाड्याचा दर्शनी भाग पुन्हा उभारण्यात आला, हे कळल्यावर ती संध्याकाळ अधिकच जड होते. पण त्या प्रासादात झाडलोट कोण करी, तेथे नाचावयास कोण येई, त्याच्या पाडण्याने कोणाला हायसे वाटले, हे त्या काचा सांगत नाहीत. माणसावाचून दाखविलेली ओसाडी ही अर्धी गोष्ट आहे, आणि अर्धी गोष्ट सुंदर असली की ती पुरी वाटू लागते. या धोक्यापासून आमच्या तरुण कलावंतांनी सांभाळून असावे.

शिवाय, गिरणीच्या आठवणीत रमताना तिचा काळोख विसरणे हेही सत्यास सोडून होईल. कापसाची भुकटी फुप्फुसात घेऊन रात्रपाळी करणाऱ्याला तेथे काही काव्य दिसत नव्हते. मुंबईच्या गिरण्यांत चांगल्या मजुरीचे विणकामाचे खाते अस्पृश्य मानलेल्या कामगारांना बंद होते, कारण धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्याचा इतरांना विटाळ होई! १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे आणला, तेव्हा कामगारांच्या एकजुटीचा घोष करणाऱ्या लाल बावट्याच्या पुढाऱ्यांनाही तो अडचणीचाच वाटला. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा सोहळा झाला, त्या शहराने तरी आपल्या गिरणीची गोष्ट सांगताना हे पान गाळू नये. भिंत हे सांगणार नाही. हे सांगावयास माणूसच पाहिजे.

आणि येथे आम्हास त्या हिवाळ्यातील प्रसंग सांगणे भाग आहे, कारण हा लेख त्यातूनच निघाला. फिती संपल्या, दिवे लागले, आणि नेहमीप्रमाणे पहिल्या रांगेतील हुशार मुलांनी कलेच्या व्याख्येविषयी प्रश्न विचारले. मग मागच्या बाकावरील एक मुलगी उठली आणि म्हणाली, “सर, एम्प्रेस मिलवर असं काही आहे का? माझे आजोबा तिथं होते.” आम्हास उत्तर देता आले नाही. आम्ही या शहरात जन्मलो; गिरणीच्या भोंग्यावर आमच्या घरचे घड्याळ लावले जाई आणि आई त्या भोंग्यावरच आम्हास शाळेसाठी उठवी. २००२ साली आम्ही प्राध्यापक होतो, लेख लिहीत होतो, व्याख्याने देत होतो. त्या वर्षी आम्ही काय लिहिले ते आम्ही घरी जाऊन काढून पाहिले. इंग्रजी कादंबरीवर दोन निबंध होते. गिरणीवर एक ओळसुद्धा नव्हती. ज्याच्या भोंग्यावर आम्ही उठत होतो, ते बंद पडल्याचे आम्हास जणू कळलेच नव्हते.

पुढे त्या मुलीने आजोबांशी आमची गाठ घालून दिली. वृद्ध गृहस्थ ऐंशीच्या घरातले. कान थोडे जड, स्मरण मात्र लख्ख. नात एकदा त्यांना नव्या संकुलात घेऊन गेली होती. सरकत्या जिन्याने वर चढण्यास त्यांनी नकार दिला, आणि खालीच, चपलांच्या एका दुकानासमोर उभे राहून तलावाची दिशा पाहून काही पावले मोजली. “इथंच होते माहे दोन साचे,” ते आम्हास सांगू लागले, “पोरीला म्हटलं, तू आता ज्या फरशीवर उभी आहेस ना, तिथं मी बावीस वर्षं उभा होतो.” त्यांचे माप बरोबर होते की चूक, हे तपासण्याचे साधन आमच्यापाशी नाही. मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि तुटलेला धागा सांधण्याची क्रिया हवेत करून दाखविली. आठ-दहा सेकंदांचे काम. बोटे आपोआप चालली. जॉबर कसा होता, बदलीवाल्यांना सकाळी दारात कसे तिष्ठावे लागे, सभेत कोण चांगले बोले, कोण नुसतेच ओरडे, हे सारे त्यांनी आम्हास दोन तास सांगितले. आमच्या हाती वही होती. वहीत शब्द उतरले. ती बोटे उतरली नाहीत.

तेव्हा आम्हास सालाची ती आई आठवली. आल्बेनियात चित्र शिल्लक राहिले होते, आवाज हरवला होता. तो परत मिळविण्यासाठी मुलाला मूकबधिरांच्या दारी जावे लागले. नागपुरात आवाज अजून शिल्लक आहे, तो टिपणारे चित्र मात्र कोणी घेत नाही. २००२ साली जो कामगार तिशीत होता तो आज पन्नाशी उलटून गेला आहे. जो पन्नाशीत होता त्याने सत्तरी ओलांडली आहे. आणखी वीस वर्षांनी आमच्या या आक्षेपक मित्रांचे नातू गिरणीविषयी विचारू लागतील, तेव्हा त्यांना कोणाच्याही दारी जाऊन तो आवाज परत आणता येणार नाही.

आमचे मागणे म्हणून अगदी साधे आहे. त्यास अनुदान नको, कलादालन नको, परदेशचा पाहुणा नको. आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात कॅमेरा आहे. नागपुरातील प्रत्येक महाविद्यालयाने या वर्षी आपल्या विद्यार्थ्यांना एका गिरणी कामगाराकडे पाठवावे. त्याच्या संमतीने, त्याच्याच घरात, त्याचे बोलणे आणि त्याचे हात टिपावेत. साचे चालविणाऱ्याला विचारावे, त्याचप्रमाणे ज्याला साच्याला हात लावू दिला नाही त्यालाही विचारावे. पगार न आलेल्या महिन्यात चूल कशी पेटत होती, हे बायकांना विचारावे. मागे संगीत घालू नये. तारीख लिहावी, आणि प्रत ग्रंथालयात ठेवावी. यातून कला निर्माण होईल की नाही, याची चिंता कलेच्या व्याख्या करणाऱ्यांनी करावी.

आमच्या एका मित्राने या लेखाचा मसुदा वाचून विचारले, “एवढ्याने त्या म्हाताऱ्याला काय मिळणार?” प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर आम्ही टाळीत नाही. त्याला काही मिळणार नाही. गिरणीही परत येणार नाही. मिळणार आहे ते त्या नातीला, आणि ज्यांनी भोंग्यावर घड्याळ लावले पण गिरणीकडे कधी पाहिले नाही त्या आम्हा लोकांना. येत्या रविवारी आम्ही वही घरी ठेवून त्या वृद्ध गृहस्थांकडे पुन्हा जाणार आहोत. कॅमेरा नात आणणार आहे. आमच्या आक्षेपक मित्रांपैकी कोणास यावयाचे असल्यास त्यांनी अवश्य यावे. घर लहान आहे, पण बसावयास सतरंजी आहे.